थंडीत ठेवायचा रोजा

माझी जीभ लांब आहे, हे मला कुणी सांगायला नको. आमचे हे जन्मभर तेच सांगत आलेत. पण याच जिभेपायी मला ग्वाल्हेरीत हलीमा मिळाली, हेही खरं.

आमचं बिऱ्हाड किला गेटला. हे म्हणजे महिपतराव, किल्ल्याच्या दरवाज्यावरच्या पहाऱ्याचे जमादार. त्यांच्या घराण्याला दख्खन सोडून पिढ्या झाल्या, तरी घरात मराठीच. उंबऱ्याबाहेर मात्र सगळी हिंदी. भाजीवाल्याशी हिंदी, दूधवाल्याशी हिंदी, पुढे माझी पोरंसुद्धा ताटावर बसून "आई, नमक दे ना" म्हणायची. मी साताऱ्याकडची. लग्न होऊन आले तेव्हा वाटायचं, जीभ माहेरीच विसरून आले की काय. अशात एकदा बाजारातून जाताना कानावर आलं, "ह्याला मासे म्हणतोस होय रे मेल्या? ह्याला नुस्ता चिखलाचा वास येतोय."

मी गर्रकन वळले. बघते तर एक बुरखेवाली मासळीवाल्यापुढे उभी, आणि तो मेला तोंड वासून तिच्याकडे बघतोय. मला जे हसू फुटलं ते आवरेना. तिने बुरखा वर केला, माझं कुंकू बघितलं, नऊवारी बघितली, आणि भर बाजारात माझा हात धरून म्हणाली, "बाय, तू आमच्याकडची?"

ती बाणकोटची. बाप गलबतावर तांडेल. तिचा नवरा बशीरमियां सरकारी पागेत नालबंद. दर्यापलीकडून अरबी घोडे यायचे ते आणायला मुंबईच्या गोदीत गेला आणि येताना घोड्यांबरोबर बायको घेऊन आला, असं तीच हसत सांगायची. तिच्या घरात मराठी बोलणारं कुणी नाही. बशीरमियांना समजायचं, पण उत्तर हिंदीत. मग काय, रोज दुपारी एक तर ती माझ्या ओसरीवर, नाहीतर मी तिच्या. तिचा देव वेगळा, माझा वेगळा, पण शिव्या एक. माणसाला परमुलुखात आणखी काय लागतं?

तिला एकच मुलगी, जुलेखा. आईशी आणि माझ्याशी तेवढी मराठी बोलायची. "विजूमावशी, तुझी पुरणपोळी जाड झाली आज" असं तोंडावर सांगणारी. लहानपणी मी तिच्या वेण्या घातल्यात. तिचं लग्न दाना ओली मोहल्ल्यातल्या रंगाऱ्यांच्या घरी झालं. सासू अनवरीबी, तिचे हात कोपरापर्यंत कायम निळे. घर खाऊनपिऊन सुखी. पहिलं बाळंतपण हलीमाकडे झालं, उन्हाळ्याच्या शेवटी. मुलगी झाली, सुग्रा नाव ठेवलं. सव्वा महिना न्हाऊमाखू घालून हलीमाने लेकीला सासरी पाठवलं आणि आश्विनात मानमोडीची साथ आली.

त्या तापाबद्दल मी जास्त बोलत नाही. ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही बघितला त्यांनी बघूही नये. जुलेखा गेली. आणि ती गेली तेव्हा हलीमा स्वतः त्याच तापात बेशुद्ध. लेकीला शेवटची अंघोळ घालायला आई नाही, तोंड बघायला आई नाही. बशीरमियां एकटे दाना ओलीला जाऊन माती देऊन आले. हलीमा शुद्धीवर आली तेव्हा मीच उशाशी होते. तिने विचारलं, जुलेखाला कळवलं का गं मी आजारी हाय ते? मला तोंड उघडावं लागलं. तेव्हा मात्र वाटलं, देवा, ही जीभ झडली का नाही.

ती रडली नाही. अख्खी थंडी अंथरुणात काढली, पण डोळ्याला पाणी नाही. मी म्हणायचे, हलीमा, रड गं एकदा, मोकळी हो. ती म्हणायची, "काम राह्यलंय बाय. काम राह्यलेलं असताना कोण रडतं?" मला वाटलं, ताप डोक्यात गेला.

होळीच्या सुमारास ती उठून फिरायला लागली. आणि वैशाख लागला तशी माझ्या लक्षात आलं की ही दिवसा काही खात नाही. ग्वाल्हेरचा वैशाख म्हणजे काय, ते इथे राहणाऱ्याला माहीत. लूचे वारे सुटले की किल्ल्याचा दगड रात्रीसुद्धा निवत नाही. अशा उन्हात मी तिच्यासाठी कैरीचं पन्हं करून नेलं. तिने पेला हातात घेतला, बघितला आणि परत माझ्या हातात दिला.

"नको गं बाय. जुलेखाची कजा हाय. ती फिटेपर्यंत दिवसा पाणी नको."

आता ऐका माझी अक्कल. कजा म्हणजे काय ते मला काय ठाऊक? आमच्या बोलीत एकच शब्द, कज्जा. कज्जा म्हणजे कोर्टकचेरी, वकील, तारखा. मी म्हटलं, अगं बाई, पोरीच्या पाठीमागे सासरच्यांनी कज्जा लावला की काय? दागिन्यांचा असणार. नाहीतर सुग्राला आजोळी द्यायची नाही म्हणून. आणि ही बापडी, कज्ज्याचा निकाल बरा लागावा म्हणून उपास धरून बसलीय. मी सोळा सोमवार केलेली बाई, मला दुसरं काय सुचणार?

तरी मी विचारलं, "कुणाकडे गेलाय कज्जा?"

"अल्लाकडे, आणि कुणाकडे?" ती म्हणाली.

घ्या. म्हणजे वकील करायलासुद्धा कुणी नाही, सगळा भार देवावर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, लोकांच्या कज्ज्यात आपण पाय घालू नये. मी म्हटलं, लोक कोण? जुलेखा लोक? तिच्या वेण्या मी घातल्यात. ह्यांनी पुढे अडवलं नाही, कारण मी एकदा निघाले की निघाले, हे त्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी टांगा केला आणि भर दुपारी दाना ओलीत जाऊन उतरले.

अनवरीबी अंगणात रंगाच्या रांजणातून कापड पिळत होती. खाटेवर सुग्रा झोपलेली. मी "बसा" म्हणायची वाट बघितली नाही. माझी हिंदी तेव्हा कशी, रागावले की निम्मी मराठी. तशीच सुरू झाले. म्हटलं, शरम नहीं आती आपको? पोर गेली, अजून वर्ष नाही झालं, आणि तुम्ही तिच्या आईवर कज्जा करता? ती बिचारी उन्हात पाणी सोडून बसलीय, मरून राहिली आहे, आणि तुम्ही इथे कापडं रंगवता? आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. मी थांबले नाही.

अनवरीबीने कापड खाली ठेवलं. निळे हात तसेच लोंबत. "कैसा कज्जा, बाईसाहब?"

"कैसा म्हणजे? जुलेखाचा कज्जा. हलीमाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, ती फिटेपर्यंत पाणी नको म्हणाली."

ती हळू म्हणाली, "कजा. रोज़ों की कजा."

आणि तिने मला समजावलं, लहान मुलीला समजावतात तसं. रमजानातला रोजा काही कारणाने राहिला, बाईचे दिवस भरत आलेत, आजार आहे, प्रवास आहे, तर तो माफ होत नाही. मागाहून सवडीने एकाला एक ठेवायचा. तसा राहिलेला रोजा म्हणजे कजा. जुलेखाचे गेल्या साली सगळे राहिले होते, सुग्रा पोटात होती म्हणून.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अख्ख्या गल्लीसमोर एका गरीब बाईला मी चोर ठरवून बसले होते. माफी मागायला तोंड उघडलं, तर अनवरीबीचंच तोंड पांढरंफटक पडलेलं.

"हलीमाबी बहू के रोज़े रख रही हैं?" तिने विचारलं. "इस लू में?"

मी म्हटलं, हो.

ती रांजणाला टेकून खालीच बसली. आणि मग तिने जे सांगितलं ते तिने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःच्या मुलालासुद्धा नाही.

जुलेखाने ते रोजे ठेवले होते. सासरी आल्या आल्या तिने सुरुवात केली. अनवरीबीने अडवलं, म्हणाली, अंगावर पाजतेस, थांब जरा. पण पोर ऐकेना. तिला घाई होती आणि घाईचं कारणही तिने सासूला सांगितलं होतं. आईने तिला सांगितलेलं, आत्ता नको, थंडीत ठेव, थंडीत दिवस आखूड असतात, तहान लागत नाही, मीही तुझ्या सोबतीला ठेवीन. आणि हलीमाला इथली थंडी बाधते. समुद्राकाठची बाई ती, पूस, म्हणजे आपला पौष, लागला की छाती भरायची, रात्ररात्र खोकायची. त्यात उपाशीपोटी रोजे ठेवले तर आई अंथरूण धरेल, अशी पोरीला धास्ती. म्हणून थंडीच्या आधीच उरकायचे. आणि सासूला शपथ घातली, अम्मीला सांगायचं नाही, रागावेल.

"रोज रखती थी," अनवरीबी म्हणाली. "सब रख लिए. बस एक रह गया."

त्या शेवटच्या दिवशी पोरीने पहाटे रोजा धरला आणि दुपारपर्यंत तापाने फणफणली. सासूने पाण्याचा पेला तोंडाला लावला, तर तिने दात घट्ट मिटून घेतले. आता एकच तर आहे, संध्याकाळपर्यंत निभावेल, म्हणत होती. शेवटी अनवरीबीने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटांनी दात उघडून पाणी घातलं.

"तुम्ही हलीमाला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"क्या बताती?" ती म्हणाली. लोक काय म्हणाले असते? पाजत्या सुनेला सासूने उपाशी ठेवून मारली. ताप तर कुणालाही मारत होता, खाणाऱ्याला आणि न खाणाऱ्याला. पण ती स्वतःसुद्धा रोज स्वतःला विचारत होती. आणि आईने विचारलं असतं तर उत्तर काय देणार?

मला राग यायचा होता. रागावूनच तर आले होते. पण त्या निळ्या हातांकडे बघितलं आणि राग कुठे गेला कळलं नाही. मी म्हटलं, अनवरीबी, तिकडे एक बाई फिटलेलं फेडायला जीव देऊन राहिली आहे. तुम्ही उठा. तिने डोक्यावर ओढणी घेतली, सुग्राला उचललं आणि मुकाट्याने माझ्याबरोबर टांग्यात बसली.

आम्ही पोचलो तेव्हा हलीमा पाण्याच्या माठाला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. डोळे मिटलेले, ओठ फुटून रक्त आलेलं. माठाचा गारवा पाठीला घ्यायचा, पाणी प्यायचं नाही. बशीरमियां पंख्याने वारा घालत होते. मला बघून त्यांना धीर आला.

"भाभी, आप ही समझाइए इन्हें," ते म्हणाले. मौलवीसाहेबांना विचारून झालं होतं. त्यांनी स्वच्छ सांगितलेलं, एकाचा रोजा दुसरा ठेवू शकत नाही, प्रत्येकाचा ज्याचा त्याचा. मेलेल्या माणसाचे राहिले असतील तर रोज्यामागे एका गरिबाला जेवू घाला, तोच रस्ता. बशीरमियांनी मशिदीच्या पायरीवर जेवणं घातलीही होती, लेकीच्या नावाने. तरी ही ऐकत नाही.

हलीमाने डोळे न उघडताच उत्तर दिलं. "माज्या आयने तिच्या आयचे ठेवले होते. आमच्या बाणकोटात ठेवतात. तुमचा मौलवी मोठा, मग आमचा काय गलबतातून पडला?"

मी शेजारी बसले. म्हटलं, बरं बाई, ठेवतात तर ठेवतात. पण मग सवडीने थंडीत ठेवायचे.

तिने खाडकन डोळे उघडले. "थंडीचं नाव काढू नको माज्यापुढे. मीच बोलले तिला, थंडीत ठेव. मी थांबवली. ती ठेवणार होती, मी थांबवली. पुढची थंडी कुणी बघितलीय, बाय? माज्या शब्दापायी लेक देणं डोक्यावर घेऊन गेली. ती उन्हाळ्यात चुकली, मी उन्हाळ्यातच फेडणार."

आता अनवरीबीने बोलायला हवं होतं. ती दारातच उभी, सुग्राला छातीशी धरून, आणि ओठ हलायला तयार नाहीत. म्हणून मी सांगितलं. सगळं सांगितलं, काही राखलं नाही. पोरीने तुझं ऐकलं नाही हलीमा, म्हटलं. तुला थंडी बाधते म्हणून तिने आधीच ठेवून टाकले. तिच्या डोक्यावर देणं नाही.

बशीरमियांच्या हातातला पंखा थांबला. हलीमा माझ्याकडे बघत होती, जसं काही मी हिंदीत बोलतेय.

"सगळे?" तिने विचारलं.

"एक छोड़कर," अनवरीबी दारातून म्हणाली. आणि मग तिला वाचा फुटली. तो दिवस, तो ताप, ते मिटलेले दात. माझ्या हाताने तोडला मी तो रोजा, ती म्हणाली. आणि जी काय शिक्षा असेल ती घ्यायला आल्यासारखी मान खाली घालून उभी राहिली.

हलीमा भिंतीला धरून उठली. तिच्या अंगात उठण्याची ताकद होती हेच नवल. अनवरीबीजवळ गेली, तिचा निळा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. मला वाटलं, आता ही मारते.

"ह्या हाताने पाणी घातलंस?" हलीमाने विचारलं. मराठीत विचारलं, पण अनवरीबीला समजलं. तिने मान हलवली.

हलीमाने तो हात आपल्या दोन्ही डोळ्यांना लावला. "मी नव्हते," ती म्हणाली. "तिला तहान लागली तवा मी नव्हते. तू होतीस."

अनवरीबी ढसढसा रडली. बशीरमियां तोंड फिरवून बाहेर गेले. मीही रडले, माझं काय, मी लग्नात वरातीच्या घोड्याकडे बघूनसुद्धा रडते. हलीमा तेवढी कोरडी.

संध्याकाळी अजान झाली, तिने पाणी प्यायलं, दोन घास खाल्ले. सुग्रा तिच्या मांडीवर. बशीरमियां म्हणाले, चला, आता तो एक उद्या ठेवा आणि सुटा. मौलवींना मी सांगतो काय सांगायचं ते. खरं तर त्यांना ते पटलं नव्हतंच, पण एका दिवसावरून बायकोशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

हलीमा सुग्राच्या पायाची बोटं मोजत होती. वर न बघता म्हणाली, "तो नको उद्या. तो थंडीत ठेवू."

दुपारी जी बाई थंडीचं नाव काढलं म्हणून माझ्या अंगावर आली, ती हे बोलत होती.

ती थंडी आली, गेली. रोजा ठेवला नाही. पुढची आली. मी विचारलं, तर म्हणाली, ठेवू गं, थंडी कुठे पळून चाललीय. त्याच्या पुढची आली. माझा स्वभाव तुम्हाला माहीत झालाय. मी दर पुसात तिला टोचायची. हलीमा, तो रोजा काय लोणच्यासारखा मुरत घातलायस? तूच म्हणाली होतीस ना, पुढची थंडी कुणी बघितलीय? एवढे ठेवलेस ते ठेवलेस आणि जो खरा राहिलाय तोच नेमका ठेवत नाहीस. ती हसायची, नाहीतर खोकायची. एकदा मी ह्यांना म्हटलं, अहो, हे तुमच्या पहाऱ्यासारखंच ना? माणूस नसला की त्याच्या जागी बदली उभा राहतो. हे म्हणाले, बदली कुणी का उभा राहीना, हजेरी ज्याचा पहारा त्याच्याच नावावर लागते. मी ते हलीमाला जाऊन सांगितलं. तिला फार आवडलं. दोन-तीनदा मला म्हणायला लावलं. पण रोजा ठेवला नाही.

मला कळत होतं, असं मला वाटायचं. तो एक रोजा संपला की लेकीचं काही उरत नाही. म्हणून बाई कंजुषासारखी तो धरून बसलीय. मनात म्हणायचे, धरू दे बापडीला.

सुग्रा दाना ओलीत वाढत होती. बापाने दुसरं लग्न केलं, भावंडं झाली. अनवरीबी होती तोवर बरं होतं, ती गेल्यावर पोर जरा आडबाजूला पडली. छळ नाही कुणी केला, खोटं कशाला बोलू, पण घरातल्या गर्दीत तिचं असं कुणी नव्हतं. आजोळी आली की मात्र मुक्काम लांबवायची. मराठी तिला येत नव्हती. कोण शिकवणार? मी तिची विजूनानी. शबेबरातीला घरोघरी मेलेल्यांच्या नावाने हलवा करतात, फातिहा देतात. एका वर्षी ती हलवा ढवळता ढवळता मला म्हणाली, "विजूनानी, सब कहते हैं अम्मी के लिए दुआ करो. मैं करती हूँ. पर मुझे तो उनकी सूरत भी याद नहीं. लगता है किसी और की अम्मी के लिए कर रही हूँ."

तिच्या आईच्या वेण्या माझ्या हातांना आठवत होत्या, पण हाताचं आठवणं पोरीला कसं द्यायचं? मी दुपारी हलीमाला ते सांगितलं. हलीमाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आता मोठी झाली पोर. यंदा रमजानाचे सगळे ठेवणार म्हणतेय." मी म्हटलं, मी काय सांगतेय आणि तू काय बोलतेस.

त्या साली पुसात थंडी अशी पडली की सकाळी धुक्यात किल्ला दिसायचा नाही. एके दिवशी बशीरमियां स्वतः माझ्या दारात आले. पाग सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. म्हणाले, भाभी, सूरज डूबने से पहले घर आ जाइए. हातात खजुराची पुडी.

मी गेले. हलीमा शेगडीशी बसलेली, छाती भात्यासारखी वाजत होती. आणि सुग्रा रजईत गुरफटून समोर, ओठ सुकलेले, पण डोळे असे लकाकत होते की मी विचारलं, काय गं, काय झालं?

"रोज़ा है मेरा," ती म्हणाली. "मेरा नहीं. अम्मी का."

मी हलीमाकडे बघितलं. ती निखारे सारखे करत होती.

"तिला काल सांगितलं," ती मला मराठीत म्हणाली. "तुज्या आयचा एक रोजा माज्याकडे ठेवलेला हाय म्हणून. तिने धरलेला, पुरा करायचा राह्यला. म्हटलं, तुजा हाय तो. तूच कर पुरा."

"म्हणजे इतकी वर्षं तू..."

"मग काय," हलीमा म्हणाली. "मला करायला जुलेखाचं पुष्कळ होतं. वीस वर्षांचं होतं. ह्या पोरीला काय होतं? आयसाठी हाताने काय करायला मिळालं नाय, तर माणूस पोरकंच राहतं, बाय. मला ठाऊक हाय. मला लेकीला अंघोळ घालायला नाय मिळाली."

मी तिला कंजूष म्हटलं होतं. मनातल्या मनात का होईना, पण म्हटलं होतं.

सुग्रा दिवसभराचं सांगत होती. सकाळी उठले तेव्हा हात गारठले. दुपारी फार भूक लागली, तेव्हा वाटलं, अम्मीलासुद्धा अशीच लागली असेल. पाणी बघितलं की जीभ टाळूला चिकटायची, तेव्हाही वाटलं. नानी, आज पूरा दिन वो मेरे साथ थीं, ती म्हणाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून "अम्मी" हा शब्द असा आला की जसं माणूस आतल्या खोलीत आहे.

अजान झाली. बशीरमियांनी खजूर पुढे केला. सुग्राने तो तोंडात घातला, पाणी प्यायलं, आणि मग तिच्या चेहऱ्यावर एकदम काळजी आली.

"नाना," तिने विचारलं, "अम्मी को पहुँच गया होगा ना?"

ज्या माणसाने इतकी वर्षं एकच सांगितलं, एकाचा रोजा दुसऱ्याला पोचत नाही, मौलवींचं वाक्य कधी सोडलं नाही, त्याला पोर विचारत होती. म्हाताऱ्याने टोपी सारखी केली. हलीमाकडे बघितलं, पोरीकडे बघितलं.

"पहुँच गया, बेटा," ते म्हणाले. आणि काठी घेऊन नमाजाला निघून गेले.

दार लागलं आणि हलीमाच्या तोंडून असा आवाज निघाला की आधी मला वाटलं खोकला आला. खोकला नव्हता. ती रडत होती. मानमोडीच्या सालचं रडणं, इतकी वर्षं तसंच ठेवलेलं, आता बाहेर येत होतं. मी तिला जवळ ओढली. अंगात काही उरलं नव्हतं, नुसती हाडं.

"संपलं गं बाय," ती माझ्या खांद्यात तोंड घालून म्हणत होती. "फिटली कजा. आता माज्या लेकीचं माज्याकडे काय राह्यलं नाय. काय पण राह्यलं नाय."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. सुग्रा घाबरून माझ्याकडे बघत होती. "नानी क्या कह रही हैं?" तिने विचारलं. "विजूनानी, बताओ ना, मराठी में क्या कह रही हैं?"

म्हटलं, थंडी वाजतेय म्हणते. पोर लगेच उठली, स्वतःच्या अंगावरची रजई काढली आणि तिच्या पाठीवर घालायला आली.